दारावरची चुन्याची फुली

कामाक्षी: ती बादली तिथेंच ठेव, मुकुंदा. विहिरीच्या काठाला लावूं नको.

मुकुंदराव: अक्का, आज टाकतो. आज मला अडवू नकोस.

कामाक्षी: आत्तां स्नान करून मडीनें, सोवळ्यानें पाणी काढायला आलें मी. विठोबाला अभिषेक व्हायचा आहे. तुझी ती पावडर कुठल्या पोत्यांतून आली, किती जणांनीं हात घातला त्यांत, तुज ठाऊक तरी आहे?

मुकुंदराव: माझाच हात होता. या भागातल्या बत्तीस विहिरींत ही ब्लीचिंग पावडर मीच टाकली.

कामाक्षी: मग बत्तीस पुरेत. दिवाळीआधीं हें बोलणें झालें आहे आपलें. देवाच्या पाण्याला औषधाचा वास नको, म्हटलें मी. नळ घेऊं म्हणालास, तर नळांत चामड्याची चकती. तेंही नको म्हटलें. तूं ऐकलेंस. सॅनिटरी इन्स्पेक्टर तूं बाहेर. घरांत मोठ्या बहिणीचा शब्द राखलास.

मुकुंदराव: राखला. म्हणूनच तर.

कामाक्षी: म्हणूनच काय?

मुकुंदराव: काही नाही. बाजूला हो.

कामाक्षी: तुझें चित्त ठिकाणावर नाहीं. पोर जाऊन सोळा दिवस झाले, बायको माहेरीं साक्कोट्ट्याला जाऊन बसली. मज कळतें रे. मीही रोज पोरीचें पान मांडतें आणि उचलून ठेवतें. पण पोर गेली ती बाजारच्या सरबतानें. महामखमाच्या जत्रेसाठीं आत्तांपासून दुकानें लागलीं आहेत, तिथलें तें गुलाबी सरबत तूं पाजलेंस तिला.

मुकुंदराव: हो. सरबतानंच.

कामाक्षी: असा कां बोलतोस? माझ्याकडे बघ. आणि खिशांत तो कागद कसला? सकाळपासून चार वेळां काढून वाचलास.

मुकुंदराव: ऑफिसचा आहे.

कामाक्षी: वाच.

मुकुंदराव: इंग्रजीत आहे.

कामाक्षी: मग मराठींत सांग.

मुकुंदराव: अक्का, बस इथं. नाही, ओल्या लुगड्यानं असू दे, बस. गोमती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आपल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून तपासायला पाठवलं होतं. काल उत्तर आलं. हे पाणी पिण्याजोगं नाही. मागच्या गल्लीतली मोरी फुटलीय. संडासाचं पाणी जमिनीतून विहिरीत उतरतंय.

कामाक्षी: पाणी तर काचेसारखें आहे.

मुकुंदराव: दिसतं तसं.

कामाक्षी: मी दुहेरी धोतरांतून गाळतें.

मुकुंदराव: गाळून जात नाही ते. पावडरनं मेलं असतं.

कामाक्षी: मुकुंदा, मी तिला दुसऱ्या कुणाचें पाणी पिऊंच दिलें नाहीं. शाळेंत जातांना इथलेंच तिच्या फिरकीच्या कूजांत भरून देत होतें. रोज विचारीत होतें, बाहेरचें प्यालीस कां? ती म्हणे, नाहीं आत्या, तुमचेंच प्यालें. आणि शेवटल्या दिवशीं पाणी पाणी म्हणत होती, तेव्हां... चमचा माझ्याच हातांत होता.

मुकुंदराव: यासाठीच सांगत नव्हतो.

कामाक्षी: विजयलक्ष्मीला, तिच्या आईला, ठाऊक आहे?

मुकुंदराव: नाही. उद्या साक्कोट्ट्याला जाऊन सांगणार आहे. तुझा दोष नाही अक्का. तुला जंतू काय ठाऊक? मला ठाऊक होते. मोरीजवळची जमीन ओली दिसली होती मला, अक्का. म्हटलं, बघू नंतर.

महालिंग: रायर! आहात का घरात?

कामाक्षी: समोरचा भांडीवाला महालिंग. बादली झाक. तो कागद आंत ठेव.

मुकुंदराव: या, महालिंगम्. महालक्ष्मी कशी आहे?

महालिंग: काल आणलं बायकोला आस्पत्रीतून. उठून बसते, एवढंच. तुमच्या दुःखात यायला तोंड होत नाही रायर, पण अडलंय. डॉक्टर म्हणाले, पाणी चांगलं द्या. आमच्या विहिरीला पावडरचा वास. घोट घेतला की ओकते. पूर्वी गोमती पाप्पाची आई पायरीवर येऊन आमच्या कुडमात, या घागरीत, पाणी ओतायच्या. त्या गावाला गेल्या, म्हणून मीच आलो.

मुकुंदराव: पाणी... अजून काढलं नाही आज.

महालिंग: थांबतो की. तुमच्या पाण्याची गोष्टच वेगळी. गोमती पाप्पा गल्लीभर सांगायची, आमच्या विहिरीत अप्पांनी भारीतली पावडर टाकलीय, वासच येत नाही. आमची ही तेव्हापासून तुमच्याच पाण्यावर.

मुकुंदराव: महालिंगम्, आज नाही जमणार. दोर तुटलाय.

महालिंग: दोर तर रहाटावर दिसतोय, रायर. नवा आहे.

कामाक्षी: मुकुंदा, सांग त्याला.

मुकुंदराव: तू आत जा अक्का. मी त्याला तमिळमध्ये समजावतो.

कामाक्षी: तमिळ मलाही येतें. महालिंगा, दोर धड आहे. हा खोटें बोलतो आहे.

महालिंग: अम्मा, तुम्ही दारात? मडीत आहात ना? मी खाली उतरतो.

कामाक्षी: उतरूं नको. ही चौकटीवरची चुन्याची फुली बघ. पावडर पडलेल्या विहिरीची खूण ना ही? ती खोटी आहे. आमच्या विहिरींत पावडर पडलीच नाहीं. मी पडूं दिली नाहीं. या पाण्यांत मोरीची घाण आहे. तुझी बायको याच पाण्यानें आजारी पडली.

महालिंग: आणि पाप्पा?

कामाक्षी: तीही.

महालिंग: रायर, खरं का हे?

मुकुंदराव: खरं. फुली मी मारली. गोमती चुन्याची वाटी धरून उभी होती. विचारलं तिनं, अप्पा, आपल्या विहिरीत कधी टाकली? मी म्हटलं, तू शाळेत होतीस तेव्हा. मग नाचतच गेली सगळ्यांना सांगायला.

महालिंग: माझी महालक्ष्मी मेली असती.

मुकुंदराव: हो.

महालिंग: विहिरीला झाकण नाही म्हणून तुम्ही माझ्या दारात उभं राहून मला झाडलं होतं. चार गिऱ्हाइकांसमोर. मी त्याच दिवशी नाचियार्कोविलहून भाऊ बोलावला, फळ्या आणल्या, झाकण ठोकलं. म्हटलं, रायर सांगतात ते आपल्या भल्याचं.

मुकुंदराव: ऑफिसात जाऊन सांगा तुम्ही. मीही आज सगळं लिहून देणार आहे. नोकरी जाईल, जाऊ दे.

महालिंग: तुमची नोकरी घेऊन मी काय करू? शिव्या घालाव्यात म्हटलं, तर ती पोरगी डोळ्यांपुढं येते. वाटी धरून उभी.

कामाक्षी: घाल शिव्या. मला घाल. ऐकून घेतें.

महालिंग: नको अम्मा. जातो मी. आमच्याच पाण्यात लिंबू पिळून देतो तिला.

कामाक्षी: थांब. तुझ्या विहिरींत याची पावडर खरोखर पडली आहे?

महालिंग: पडलीय. दर आठवड्याला टाकतात रायर, मी बघतो उभा राहून.

कामाक्षी: मज एक तांब्या आणून देशील?

महालिंग: आमच्या घरचं पाणी? तुम्हाला?

कामाक्षी: हो. तुझ्याच तांब्यांत आण.

मुकुंदराव: अक्का, चाळीस वर्षांत तू कुणाच्या घरचं...

कामाक्षी: तूं गप्प. जा रे महालिंगा. आणि मुकुंदा, तोंवर ती बादली उचल. टाक सगळी.

मुकुंदराव: टाकतो. पण नुसत्या पावडरनं भागायचं नाही. मोरी बांधून होईपर्यंत हे पाणी बंद. फुली पुसून तिथं लिहितो, पाणी पिऊ नये.

कामाक्षी: तमिळमधून लिही. मोठ्या अक्षरांत. ज्या ज्या घरीं पोर सांगत गेली, त्या त्या घरीं जाऊनही सांग. मी येतें बरोबर.

मुकुंदराव: तू? रस्त्यात?

कामाक्षी: तिच्या बोलण्यावर विश्वासले ते. पोर खोटी नव्हती, एवढें तरी सांगायला नको?

(महालिंग पाणी घेऊन परत येतो.)

महालिंग: घ्या अम्मा. तांब्या घासून, धुऊन भरलाय. पण वास येतो हं, आधीच सांगतो. सवय नसेल तुम्हाला.

कामाक्षी: दे. खालीं ठेवूं नको, हातांतच दे.

मुकुंदराव: हळू, अक्का. एकदम पिऊ नकोस.

कामाक्षी: एवढाच वास येतो, मुकुंदा?

मुकुंदराव: हो, अक्का.

कामाक्षी: एवढाच?