दहावी सही

...आणि परत तेच, 'तुमचं घर कुठंय?' तुम्हाला सांगते, तीन आठवडे आयोवातल्या त्या कॉलेजच्या हिरवळीवर मी घडीचं टेबल मांडून बसले होते आणि येणारी प्रत्येक पोरगी आधी हेच विचारायची, घर कुठंय. तिचंही बरोबरच म्हणा. समोर मोठमोठ्या भगिनीसंघांची, म्हणजे पोरींच्या सोरॉरिटींची, राहायची घरं, पांढरे खांब, ओसरीवर झोपाळे, दीडदीडशे मुली एका सुरात गातायत, आणि आमचा संघ अख्ख्या देशात मिळून एकोणीस कॉलेजांत. नवी शाखा काढायला पाठवलं कुणाला, तर मला. वय तेवीस, कॉलेज सुटून जेमतेम वर्ष, सोबत एक बॅनर, त्यावरची आमच्या नावाची तीन ग्रीक अक्षरं मलाच धड उच्चारता येत नाहीत...

कॉलेजचा नियम सरळ होता. शुक्रवारी पाचपर्यंत दहा विद्यार्थिनींच्या सह्या, नाहीतर गाशा गुंडाळा आणि पाच वर्षं इकडे फिरकू नका. आणि आमची मुख्य कचेरी म्हणजे काय, इंडियानात एका दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या, त्यात बसणाऱ्या मिसेस ऑडेगार्ड. रोज सकाळी फोन. "कॉरिन बाळा, किती झाल्या?" चार. "काल पाच होत्या ना गं?" होत्या, पण पाचवीला समोरच्यांनी बोलावलं. "त्यांच्याकडे असं आहे तरी काय?" आता काय सांगायचं या बाईला? घर आहे, दुसरं काय...

गुरुवारपर्यंत कशाबशा नऊ. त्यातली एक निव्वळ डोनट खायला आली होती, पण सही केली बिचारीनं. दहावी काही मिळेना. संध्याकाळी टेबल काखोटीला मारून कॉलेजच्या बसमध्ये चढले, तर ड्रायव्हर लोर्ना, एक्कावन्न वर्षांची बाई, रोज विचारायची तसं म्हणाली, "किती?" म्हटलं, नऊ. थोडं अंतर गेल्यावर म्हणते, "तुमच्यात वयाची अट असते का गं?" मी हसले. मग आरशात बघितलं, ती हसत नव्हती. म्हणाली, "इथंच नाव घातलंय मी, इतिहास शिकते, सुट्टीच्या दिवशी. बावीस वर्षं पोरींना त्या खांबांशी सोडतेय. आत कसं असतं, बघितलं नाही कधी."

बसमध्येच नियमावली काढली. विद्यार्थिनी हवी, एवढंच. वयाचं कुठं अक्षर नाही. तिनं थांब्यावर गाडी उभी केली आणि स्टीअरिंगवर कागद ठेवून सही केली. तिथूनच मिसेस ऑडेगार्डना फोन लावला. "एक्कावन्न?" मग म्हणाल्या, "माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे. घे."

दहा झाल्या, सुटले, असं मला वाटलं. पण लोर्ना कसली गप्प बसते. शुक्रवारी सकाळी बॅनर बसच्या काचेला, आणि चढणाऱ्या प्रत्येकीला, "ए, सही कर." पोरी विचारणारच, घर कुठंय? ही मागं न बघता म्हणायची, "बसलीयेस त्यातच." पाच वाजेपर्यंत सव्वीस सह्या. तीन आठवड्यांत मला नऊ, हिला दोन फेऱ्यांत सोळा. पोरींनी अध्यक्षही तिलाच केलं.

शाखेच्या उद्घाटनाला डीनबाई आल्या. तडक लोर्नापाशी गेल्या, तिचे दोन्ही हात हातात घेतले, "मुख्य कचेरीतून इतक्या लांब आलात, एकटीनं एवढं उभं केलंत, कमाल आहे तुमची." मग माझ्याकडे वळल्या, पाठीवर हात ठेवला. "आणि तू गं बाळ? पहिल्या वर्षाला का?"

मी म्हटलं, हो.