सासूबाईंसाठी चहा

हसणार नसाल तर सांगते. आमचे हे रायपूरला नोकरीला, म्हणून मामंजींनी वकिलाकडून माझ्याच नावे मुखत्यारपत्र केलं. "माझं भान गेलं, तर औषधपाणी अन् काटोलचा संत्र्याचा बगीचा, सारं तूच पाह्यजो."

"पण भान गेलं हे मले कसं कळंल, मामंजी?"

"तुह्या मेलेल्या सासूसाठी चहा मागितला, का समज, गेलं."

परवा भरदुपारी त्यांची हाक आली. "सूनबाई, दोन कप आण. अन् पदर घे, सासू बसली हाय समोर."

पेटीतून मुखत्यारपत्राचा कागद काढला. तेवढ्यात कडेवरचं माझं तान्हं रिकाम्या खुर्चीकडे झेपावलं, खुदकन हसलं.

एवढी शिकलेली मी! कागद ठेवला, पदर घेतला, दोन कप आणले. आता वकिलांनाच विचारते, माझं भान गेलं तर कोण पाहणार?