मोराग आजींची तक्रार

हॅलिफॅक्सच्या सरकारी कचेरीत रांगेत उभ्या असलेल्या म्युरियलने हातातला फॉर्म भरायचा सोडला, कारण पुढे नातीला घेऊन उभ्या असलेल्या आजी खिडकीतल्या कारकुनाशी तावातावाने बोलू लागल्या.

"माझ्या नातीला कुणी पोरगी नेटवर 'बेडकी' म्हणतेय. आठवडाभर शाळेत गेली नाही ही. सरकार झोपलंय का?"

"नेटवरचं छापून आणलेला कागद दाखवा, आजी. हं... आणि 'तुझं थोबाड बघून खेकडेही समुद्रात पळतील', हे कुणी लिहिलंय?"

"मी! उत्तर नको द्यायला?"

"ती पोरगी चौदा वर्षांची आहे. तिची आई सकाळीच तक्रार देऊन गेली."

"कुणाविरुद्ध?"

"तुमच्याविरुद्ध, मोरागबाई."

आठवडाभर घुमी होऊन बसलेल्या नातीला हसू आवरेना.

"आजी, उद्या जाते मी शाळेत. पण तुझा फोन आधी माझ्याकडे दे!"