दोन डहाळ्यांचा वणवा

वणवा विझवण्यात माझा हात धरणारा गडी आमच्या गावात कुणी नव्हता, हे आधी कबूल करा, मगच चहा प्या.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. महाबळेश्वरला हवा खायला आलेल्या पाव्हण्यांनी रानात चूल मांडली आणि निखारे तसेच टाकून गेले. डोंगर जळला. जंगलखात्याच्या साहेबानं रान बंद केलं आणि आमच्या म्हशी गोठ्यात उपाशी.

नाक्यावरचा गार्ड म्हणायचा, “तुमी बिड्या फुकता. आत पाय टाकायचा न्हाई.”

एक दिवस साहेब पाहणीला आला. मी नाक्यावर हात जोडून उभा, तर पल्याड कारवीच्या जाळीतून धूर! आमच्याकडं वणवा हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझवतात. “वणवा! वणवा!” ओरडत मी दोन्ही हातांत एकेक डहाळी घेऊन जाळी झोडपली. आतून गार्ड निघाला, तोंडात बिडी तशीच.

साहेब लालेलाल. मी म्हणालो, “आवं साहेब, आमच्या म्हशी बिड्या वढत न्हाईत. त्यास्नी तरी सोडा.”

दुसऱ्या दिवशी म्हशी रानात गेल्या. गार्ड पाठ चोळत म्हणाला, “गड्या, खरं सांग. आत मी हाय, हे तुला ठावं व्हतं न्हवं?”

“व्हय की. न्हाईतर एका डहाळीत भागलं असतं.”