तीन नंबरचा सायलेन्सर

मी, खाली सही करणारा, वय ५८ वर्षे, शिक्षण नववी, धंदा स्वतःच्या पिकअप गाडीतून काचेची वाहतूक, राहणार लाकडाच्या वखारीमागे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, माझी पत्नी, वय ५३ वर्षे, हिच्या मृत्यूबाबत आज पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायांनी येऊन सांगतो ते असे की,

मला ऐकू येत नाही. उजव्या कानाने अजिबात नाही, डाव्या कानाशी कोणी ओरडले तर थोडेफार. म्हणून हवालदार साहेब प्रश्न कागदावर लिहून दाखवतात आणि मी तोंडी उत्तर देतो. माझा आवाज फार चढतो असे त्यांनी आत्ताच लिहून दाखवले. तो किती चढतो ते मला कळत नाही, साहेबांवर माझा राग नाही. ऐकू येत नाही ही गोष्ट मी तीन वर्षे कोणालाही सांगितली नव्हती. पत्नीलाही नाही.

मी आणि माझी पत्नी गेली एकोणीस वर्षे हे काम बरोबरीने करत होतो. गाडीच्या हौद्यात लाकडाची तिरकी चौकट बसवलेली आहे. तिच्या दोन्ही अंगांना काचा उभ्या टेकवून, मध्ये गोणपाट घालून, पट्ट्यांनी आवळतात. चौकट भरली की केबिनच्या मागच्या खिडकीतून काही दिसत नाही आणि बाजूच्या आरशात फक्त कडा दिसतात. त्यामुळे गाडी मागे घेताना पत्नी मागे उभी राहून सांगायची. आधी ती तोंडाने ओरडायची, ‘येऊ द्या, येऊ द्या, बास.’ तीन वर्षांपूर्वी तिने ओरडणे बंद केले. घसा बसतो म्हणाली. तेव्हापासून ती हौद्याच्या मागच्या फाळक्यावर, म्हणजे उघडणाऱ्या पत्र्यावर, हाताने थाप मारायची. एक थाप म्हणजे ये, लागोपाठ दोन म्हणजे थांब. थाप पत्र्यातून सीटमध्ये यायची आणि माझ्या पाठीला कळायची. मला बरेच वाटले. तिच्या घशाला औषध आण म्हणून मी दोनदा सांगितलेही होते.

साहेबांनी विचारले की ऐकू येत नसताना लायसन्स कसे मिळाले. दोन वर्षांपूर्वी नूतनीकरणाच्या वेळी डॉक्टरांच्या दाखल्यासाठी रांगेत माझ्यापुढे चार जण होते. डॉक्टर सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारत होते. मी उत्तरे ठरवून आत गेलो आणि धडाधडा दिली. डॉक्टरांनी मान वर करून पाहिलेही नाही. हा वेगळा गुन्हा होतो असे साहेबांनी लिहून दाखवले. होत असेल तर लावावा.

मी ही गोष्ट का लपवली, असे विचारल्यावरून सांगतो की, झाकली मूठ सव्वा लाखाची. बहिऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत काच कोण भरणार? आणि पत्नीला सांगितले असते तर तिने त्याच दिवशी चावी काढून घेतली असती, असे मला वाटत होते. गाडी गेली की मी घरात बसून करणार काय? टीव्हीसुद्धा मला मुका. आमची लेक लग्न होऊन दूर राहते. तिचे फोन मी घेणे बंद केले, फोन वाजला की पत्नीच्या हातात द्यायचो आणि गाडी पुसायला खाली जायचो. लेक परवा आली आणि तिला माझ्या कानांचे कळले, तेव्हा तिने मला कागदावर लिहून दाखवले, ‘बाबा, तीन वर्षं मला वाटत होतं की तुम्ही माझ्यावर रुसला आहात.’ हे जबाबात हवेच आहे का, असे मी विचारले. साहेबांनी तोवर लिहिले होते.

सायलेन्सरबाबत सांगतो की, गाडी डोळ्यांनी चालवतात असे लोकांना वाटते. गिअर कानाने टाकतात. इंजिन कण्हायला लागले की खालचा, मोकळे झाले की वरचा. मला ते कळेनासे झाले होते. चढावर गाडी बंद पडायची, नाहीतर मी उगाच ॲक्सिलरेटर दाबून धरायचो. वर्षात दोन क्लचप्लेट जाळल्या. मग डोक्यात आले की आवाजाचा सायलेन्सर बसवला तर इंजिन ऐकू येईल, निदान पायाला कळेल. घरी मी सांगितले की जुना सायलेन्सर सडलाय, आता जरा दणदणीत बसवतो, हौस आहे. पत्नी माझ्याकडे बघून म्हणाली, ‘अहो, बसवा की. आयुष्यात हौस अशी केलीत कधी?’ ती माझ्याशी बोलताना नेहमी समोर येऊन, तोंड माझ्याकडे करून बोलायची, त्यामुळे तिचे सगळे मला समजायचे. तिची तशी पद्धतच आहे असे मी धरून चाललो होतो. तिला आवाजाने डोके दुखायचा त्रास होता. मिक्सर लावतानाही ती दार ओढून घ्यायची.

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता आम्ही दोघे सायलेन्सरवाल्याच्या दुकानात गेलो. त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण तो स्वतः अगदी हळू बोलतो. वर त्याला ओठ झाकणारी मिशी आहे. म्हणजे माझ्या दृष्टीने तो माणूस भिंतीसारखाच. त्याने जमिनीवर चार सायलेन्सर मांडले, प्रत्येकावर खडूने नंबर घातले आणि एकेक करून तात्पुरते क्लँप लावून गाडी चालू करून दाखवली. तो जे सांगायचा ते पत्नी माझ्याकडे वळून पुन्हा सांगायची. ‘पहिला घरगुती आहे, शेजारी तक्रार करणार नाहीत, म्हणतोय.’ ‘दुसऱ्याला आवाज आहे पण घुमत नाही, म्हणतोय.’ मी प्रत्येक वेळी बॉनेटजवळ उभा राहून विचार केल्यासारखे तोंड करत होतो. ताकाला जाऊन भांडे लपवायचा प्रकार होता. पहिला मला अजिबात ऐकू आला नाही. दुसरा पायाला थोडा कळला.

तिसरा लावला तेव्हा दुकानाच्या फळीवरचे नटांचे डबे हलले. रस्त्यावरचा एक माणूस कानावर हात ठेवून गेला. मला तो आवाज छातीत ऐकू आला. साहेब, तीन वर्षांनी मी माझ्या गाडीचे इंजिन ऐकले. मी केबिनमध्ये बसून पाच मिनिटे नुसता ॲक्सिलरेटर कमीजास्त करत होतो. पत्नी खिडकीशी आली आणि हसत तीन बोटे दाखवली. मी म्हटले, चौथा तरी बघू. ती म्हणाली, ‘चौथा कशाला, हाच घ्या. तुमचा चेहरा बघा आरशात.’ आम्ही तीन नंबरचा घेतला. तो नियमापेक्षा जास्त आवाजाचा होता, हे मला माहीत होते. भोंग्याने तसे सांगितलेही होते, म्हणून त्याला यात गोवू नये.

घरी जाताना वखारीतले लोक बाहेर येऊन बघू लागले. ते काय म्हणत होते ते पत्नीने जिन्यात मला सांगितले. म्हाताऱ्याला म्हातारचळ लागला, म्हणत होते. ती इतकी हसली की मध्येच पायरीवर बसली. तिला मी इतके हसताना बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. रात्री तिने डोक्याला पट्टी बांधली होती. मी विचारले तर म्हणाली, ऊन लागले.

बुधवारी आणि गुरुवारी माल रस्त्यावरच उतरवायचा होता, गाडी मागे घ्यायची वेळ आली नाही. दोन्ही दिवस मी गाडी चांगली चालवली. सगळे गिअर जागच्या जागी पडले.

शुक्रवारी सकाळी सव्वाअकराला आम्ही काचेच्या दुकानाच्या मागच्या अंगणात सात काचा घेऊन गेलो. अंगण अरुंद असून शेवटी विटांची भिंत आहे. मजूर आत चहा घेत होते. पत्नी खाली उतरली, हातमोजे घातले आणि मागे गेली. पूर्वी ती गाडीच्या बाजूला उभी राहायची. थापा मारायला लागल्यापासून फाळक्याच्या बरोबर मध्यावर उभी राहायची, कारण मध्यावर मारलेली थाप पाठीला नीट कळते. मी रिव्हर्स गिअर टाकला. पहिली थाप कळल्यासारखी वाटली. नंतर काय थाप आणि काय इंजिन, मला वेगळे करता आले नाही. नव्या सायलेन्सरने सगळा पत्रा थरथरत होता, सीट थरथरत होती, स्टिअरिंग थरथरत होते. तिने दोन थापा मारल्याच असणार. किती वेळा मारल्या ते मला सांगता येत नाही. मजूर सांगतात की ती ओरडलीही.

एक मजूर दोन्ही हात हलवत गाडीसमोर आला तेव्हा मी ब्रेक दाबला. खाली उतरून मागे गेलो. ती भिंत आणि फाळका यांच्या मध्ये होती. काच एकही फुटली नव्हती.

साहेबांनी विचारले की थाप कळत नाही हे लक्षात आल्यावर गाडी का थांबवली नाही. मला इंजिन ऐकू येत होते, साहेब. तेवढ्यानेच मला वाटले की आता मला सगळे ऐकू येते.

तिला त्याच गाडीतून नेता आले नाही, ॲम्ब्युलन्स आली. ती इस्पितळात दोन दिवस होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. रविवारी दुपारी चारच्या सुमारास ती जागी झाली. नर्स औषध आणायला गेली होती, लेक अजून पोहोचायची होती, खोलीत मी एकटा होतो. तिने माझ्याकडे पाहिले आणि ती बोलली. मास्कखाली ओठ दिसत नव्हते. मास्कवर वाफ धरली, पुसट झाली, पुन्हा धरली, म्हणजे ती दोन वेळा बोलली. शेवटी प्रश्न असावा, कारण तिने भुवया उचलल्या. मला तेव्हा सांगता आले असते की मला ऐकू आले नाही. मास्क क्षणभर बाजूला केला असता तर ओठांवरून कळले असते. पण ऐकू आले नाही की मान हलवायची, ही माझी तीन वर्षांची सवय. मी मान हलवली आणि वर ‘हो, हो’ असेही म्हणालो. तिने माझा हात दाबला आणि डोळे मिटले. पाच वाजून चाळीस मिनिटांनी ती वारली. मी कशाला हो म्हणालो ते मला माहीत नाही.

सोमवारी दुपारी भोंगा घरी आला. दाराशी उभा राहून बराच वेळ काही बोलत होता. लेकीने त्याला कागद दिला. त्याने लिहिले तो कागद मी आज बरोबर आणला आहे आणि जबाबासोबत जोडायला दिला आहे. आम्ही मंगळवारी दुकानात गेलो, त्याच्या आदल्या दिवशी पत्नी एकटी त्याच्याकडे गेली होती. तिने त्याला सांगितले की, ‘आमच्या ह्यांना ऐकू येत नाही. मला माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नका, ते खचतील. त्यांना गाडी ऐकू येईल असा सायलेन्सर मला आधी निवडून ठेवायचाय.’ भोंग्याने दुकानातल्या गाडीला चारही लावून दाखवले. ती दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून, वरून ओढणी घट्ट बांधून केबिनमध्ये बसली आणि प्रत्येक वेळी काचेतून हाताने खूण करत होती, येतो, नाही येत. तिसऱ्याला तिने दोन्ही हात वर केले. चौथा त्याहून मोठा होता, पण ती म्हणाली की तेवढ्याला पोलीस अडवतील आणि ह्यांची गाडी जाईल. तीन नंबर तिनेच ठरवला होता.

तिने इंजिन ऐकू येते का ते केबिनमध्ये बसून पाहिले. मागून कोणी थाप मारली तर कळते का, ते पाहायचे तिच्या लक्षात आले नाही. थाप मारणारी तीच होती, आणि ती तर आत बसली होती. तिची चूक होती असे माझे म्हणणे नाही, हे स्पष्ट लिहावे. गाडी मी चालवत होतो.

म्हणजे तिला सगळे माहीत होते. घसा बसलेला नव्हता. समोर येऊन बोलायची ती माझ्यासाठी. आणि रविवारी इस्पितळात जे बोलली, तेही मला ऐकू जाणार नाही हे माहीत असून बोलली. मी हो म्हणालो ते खोटे आहे, हेही तिला कळले असणार. तरी तिने हात दाबला. ती काय बोलली असेल, असे लेक मला लिहून लिहून विचारते. मी तिला अजून काही सांगितलेले नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. गाडी, चावी आणि लायसन्स ठाण्यात जमा करत आहे.

वरील जबाब हवालदार साहेबांनी लिहून झाल्यावर मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यांचे ओठ हलताना मी शेवटपर्यंत पाहिले. त्यांनी विचारले, बरोबर आहे का? मी मान हलवली नाही. मला ऐकू आले नाही, असे मी त्यांना सांगितले. तेव्हा त्यांनी कागद माझ्या हातात दिले, ते मी स्वतः वाचले. माझ्या सांगण्याप्रमाणे आहेत, म्हणून सही करतो.