आमच्यात कुणाला नाही

डॉक्टरबाई : आजी, पुन्हा विचारते. तुमच्या नातीसारखं घरात आणखी कुणाला झालं होतं का?

आजी : आणि मी पुन्हा सांगते, आमच्यात कुणाला नाही. आमची माणसं दगड पचवतात. हिच्या माहेरचं काय ते बघा.

सून : माहेरी विचारून झालंय, आई. तीनदा.

आजी : मग चौथ्यांदा विचार! दोन वर्षं झाली, पोरीचं पोट नगाऱ्यासारखं. एक म्हणतो जंत, दुसरा म्हणतो रक्त कमी. टोचून टोचून पोरीची चाळण केली, आणि आता आमची कुळी उकरताय?

डॉक्टरबाई : उकरावीच लागते. आजाराचं नाव कळलंय. हा दोष आई आणि बाप, दोघांकडून येतो तेव्हाच मूल आजारी पडतं. म्हणजे तुमच्या मुलाकडूनही आलाय.

आजी : माझा मुलगा धडधाकट आहे.

डॉक्टरबाई : असणारच. एकाच बाजूने आला की काही होत नाही. अंगातली एक प्रकारची चरबी मोडायला एक रस लागतो. तो नातीला पुरेसा बनतच नाही. चरबी साचते, पोटात डावीकडे असते ती पानथरी फुगते, हाडं ठणकतात.

आजी : म्हणजे घर आहे, केर आहे, केरसुणी तेवढी नाही.

डॉक्टरबाई : अगदी. ती आम्ही बाहेरून देतो. दर पंधरा दिवसांनी, शिरेतून, जन्मभर.

आजी : मग द्या की! दोन वर्षं कसली वाट बघत होतात?

डॉक्टरबाई : तुमच्या उत्तराची. चार दवाखान्यांच्या कागदांवर एकच ओळ आहे, 'घरात कुणाला नाही.' ती वाचून या आजाराची शंकाच कुणाला आली नाही. ती ओळ कुणी सांगितली?

सून : मी तोंड उघडायच्या आत आईंचं सांगून झालेलं असायचं.



आजी : एक होती.

सून : कोण?

आजी : तुझ्या नवऱ्याच्या आधीची. माझी थोरली. असंच पोट. पाय दुखतात म्हणून रडायची, आणि मी म्हणायचे, कामचुकार आहे मेली.

सून : बारा वर्षं या घरात आहे मी. एका शब्दाने कुणी बोललं नाही!

आजी : माझ्या सासूबाईंनी बजावलं होतं, वाच्यता करायची नाही, उद्या मुलाला बायको कोण देईल? नाही केली वाच्यता. मिळालीस की तू.

डॉक्टरबाई : किती वर्षांची होती?

आजी : नववं सरलं नाही. लिहा. आता उशीर झाला का?

डॉक्टरबाई : उशीर झालाय. वेळ गेलेली नाही. पण धाकट्या नातवाचंही रक्त तपासू. त्याला काही त्रास?

आजी : मला नका विचारू. त्याची आई बसलीय इथे.