सरांनी मला वकीलपत्र दिलं

काकू, वकिलांच्या बारमधल्या ज्येष्ठ मंडळींनो, जळकोटकडून आलेल्या सरांच्या गाववाल्यांनो,

सरांच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलंय खरं, पण कोर्टातलं बोलणं वेगळं. सांभाळून घ्या.

मी सुनीता. दिगंबर सरांची ज्युनिअर. किनवटच्या वसतिगृहात राहून शिकले. आमच्या घरात वकील सोडा, कोर्टाची पायरीसुद्धा कुणी चढलं नव्हतं. कैक वर्षं नांदेडला सरांच्या फायली धरून त्यांच्या मागं उभी राहिले. काम होतं, पण स्वतःचा पक्षकार एकही नाही. घरचे म्हणायचे, ‘सोड ते, शाळेवर लाग.’ मी जवळजवळ सोडलीच होती वकिली.

तेवढ्यात हैदराबादच्या एका प्रशिक्षणाचं कळलं. वकिलानं लोकांचा विश्वास कसा कमवायचा, स्वतःचं काम कसं वाढवायचं, हे शिकवणार होते. शनिवार-रविवार. म्हणजे प्रवासात शुक्रवार बुडणार. आता विचारायचं कसं? ज्यांच्या ऑफिसात बसायचं त्यांनाच म्हणायचं, मला माझे पक्षकार मिळवायला शिकू द्या? सांगा, तुम्ही दिली असती परवानगी?

शेवटी कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये सरांना विचारलंच. सगळे हसले. त्यातले काही इथं बसलेत! म्हणाले, ‘सर, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊन राहिले तुम्ही. ही शिकून येईल अन् तुमचेच पक्षकार घेऊन जाईल.’

सर चहा पीत होते. म्हणाले, ‘नेऊ दे की. माझ्या मागं त्या लोकांनी कुणाकडं जावं? तुमच्याकडं?’

मला एवढंच विचारलं, ‘जाहिरातबाजी तर न्हाई ना शिकवत? आपल्या वकिलांना ते मना हाय.’

‘नाही सर.’

‘मग जा. शुक्रवारच्या तारखा मी बघतो.’

मला वाटलं, दुसऱ्या कुणाला पाठवतील. अहो, स्वतः गेले! देगलूरच्या कोर्टात, माझ्याकडं दिलेल्या चिल्लर कामात तारीख घ्यायला. जज्जसाहेबसुद्धा बघत राहिले म्हणे. सर म्हणाले, ‘सुनीता मॅडम शिकायला गेल्यात. त्यांच्या वतीनं मी आलोय.’ सीनिअरच्या वतीनं ज्युनिअर उभा राहतो, हे आपण रोज बघतो. उलटं कुणी पाहिलंय? मी तरी नाही.

शिकून आले. पण शिकलं म्हणून काय लोक रांग लावतात? खुर्चीत मी दिसले की विचारायचे, ‘मोठे वकील कधी येतेत?’ परत जीव खचला.

एक दिवस सरच माझ्या टेबलासमोर येऊन बसले. त्यांच्या शेताच्या बांधाचा दावा उदगीरच्या कोर्टात लागला होता. म्हणाले, ‘मॅडम, माझी केस घेता का?’

मी हसले. ते हसले नाहीत. सही केलेलं वकीलपत्र पुढं ठेवलं. ‘पक्षकाराला विचारतात तसं विचार. सर म्हणून भिऊ नको.’

विचारलं. एका प्रश्नावर सर चिडले. मग म्हणाले, ‘बरोबर हाय तुझं. कागद आणतो.’

ही बातमी संध्याकाळपर्यंत नांदेडभर झाली. ज्यांच्याकडं अख्खा जिल्हा केस घेऊन जातो, त्यांनी स्वतःची केस एका पोरीकडं दिली! त्यानंतर लोक माझं नाव विचारत यायला लागले. आज माझं ऑफिस आहे. लोक म्हणतात, सरांनी तुला मदत केली. मदत? मदत आपण सगळेच करतो हो. त्यांनी स्वतःची जमीन माझ्या हातात दिली. लई मोठा माणूस. इतका मोठा माणूस मी रोज जवळून बघत होते, याचं मला अजून नवल वाटतं.

काकू, तो दावा अजून चालू आहे. परवा तारीख आहे. आता तिथं सरांच्या जागी, पत्नी अन् वारस म्हणून, तुमचं नाव लागेल. घाबरू नका, मी आहे.

पण आधी सरांच्या नावाचा पुकारा होईल, आणि मला उभं राहून सांगावं लागेल, ‘माझे पक्षकार मयत झाले.’ वकिलानंच सांगायचं असतं ते, तसा कायदा आहे. काल आरशासमोर म्हणून पाहिलं. अर्ध्यातच रडू फुटलं.

मंडळी, दोन मिनिटं सगळे गप्प उभे राहू या. तेवढ्यात मी ते वाक्य मनात पुरं म्हणून घेते.